टोरोंटोच्या महापौर ऑलिव्हिया चाऊ: नवऱ्याच्या पुण्याईवर की स्वतःच्या जोरावर?

मेपलनवखी
नमस्कार मंडळी, आम्ही टोरोंटोत नवीनच आलोय, स्कारबोरोला राहतो. इथल्या महापौर ऑलिव्हिया चाऊ, सायकलीला फुलं लावून फिरतात त्या, त्यांचे फोटो बघितले होते पण जन्माने हाँगकाँगच्या आणि तेराव्या वर्षी इथे आल्या हे आत्ता कळलं. ऑफिसात एकजण म्हणाला की नवरा मोठा नेता होता, त्याच्या पुण्याईवर आल्या. आपण बायकोला तिकीट, सुनेला तिकीट हेच बघत मोठे झालो त्यामुळे मला ते लगेच खरंही वाटलं, पण कोणी नीट सांगेल का? आणि अजून एक, इथला महापौर म्हणजे आपल्या मुंबईसारखा, म्हणजे मान महापौरांना आणि कारभार आयुक्तांकडे, की खरंच काही हातात असतं?

स्पडाइनाकर
ऑफिसातल्या त्या माणसाला आधी साल विचार. चाऊ स्कूल बोर्डावर (सरकारी शाळा चालवणारं मंडळ, त्यालाही इथे निवडणूक असते) निवडून आल्या १९८५ ला आणि जॅक लेटनशी लग्न केलं १९८८ ला. दोघांची ओळखही गमतीशीर आहे, एका संस्थेच्या मदतीसाठी लिलाव होता, तिथे हा लिलाव पुकारायला उभा आणि तेच कँटोनीजमध्ये सांगायला ही.

सुरुवातीपासून सांगतो. १९७० मध्ये कुटुंब आलं, सेंट जेम्स टाउनच्या टॉवर्समध्ये राहिले. वडील तिकडे शिक्षण खात्यात अधिकारी, इकडे आल्यावर टॅक्सी चालवणं, जेवण पोचवणं असली मिळतील ती कामं. आई तिकडे शिक्षिका, इकडे आधी शिवणकाम आणि मग हॉटेलात. घरात बाप आईला मारायचा, हे चाऊंनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. पोरगी आर्ट कॉलेजला गेली, मग ग्वेल्फ युनिव्हर्सिटीत तत्त्वज्ञान आणि धर्म, काही काळ शिल्पकाम पण केलं. राजकारणात शिरल्या त्या डॅन हीप नावाच्या एनडीपी (इथला डाव्या विचारांचा पक्ष) खासदाराच्या ऑफिसातून, हा माणूस पाद्री होता, आणि तिथे बाईंचं काम काय तर येणाऱ्या स्थलांतरितांचे कागद, व्हिसा, अडलेल्या केसेस. माझ्या मते सगळी करियर तिथे घडली, नंतरचं सगळं त्याच्यावर उभं आहे. स्कूल बोर्ड, मग १९९१ ला मेट्रो कौन्सिल (तेव्हाच्या अख्ख्या महानगराची), मग २००५ पर्यंत शहराच्या कौन्सिलवर, मग २००६ ला ट्रिनिटी-स्पडाइनामधून खासदार.

तर्कटराव
स्पडाइनाकर, लग्न नंतर झालं हे कबूल, पण २००३ ला लेटन एनडीपीचा अध्यक्ष झाला आणि २००६ ला बायको संसदेत, हा काय निव्वळ योगायोग? नाव माहीत असलं की निम्मं काम होतं. शिवाय दोघं चांगलं कमावत असताना सरकारी मदतीवर चालणाऱ्या को-ऑप हाउसिंगमध्ये राहायचे त्यावरून १९९० मध्ये पेपरात बोंब झाली होती ते विसरलात वाटतं.

स्पडाइनाकर
विसरलो नाही. त्यात काही चुकीचं नव्हतं असं शहराच्या वकिलांनीच सांगितलं होतं आणि बातमी यायच्या आधीपासून दोघं दरमहा जास्तीचे पैसे भरत होते. आणि योगायोगाचं म्हणाल तर मधलं २००४ तुम्ही गाळलंत. नवरा पक्षाध्यक्ष, बायको त्याच पक्षाची उमेदवार, तरी टोनी इआनोकडून पडल्या. १९९७ ला पण त्याच्याकडूनच पडल्या होत्या. पुण्याई असती तर दोन वेळा का पडल्या असत्या? लेटन २०११ च्या ऑगस्टमध्ये गेला, एनडीपीला १०३ जागा मिळवून देऊन विरोधी पक्षनेता झाल्यावर काही महिन्यांतच. त्याच्या मागे तीन वर्षांनी या महापौरपदाला उभ्या राहिल्या, खासदारकी सोडून, सुरुवातीला पोलमध्ये पुढे, आणि शेवटी जॉन टोरी आणि डग फोर्डच्या मागे तिसऱ्या. सहानुभूतीची लाट बिट काही नाही. २०१५ ला परत खासदारकीला उभ्या, परत पडल्या.

कढीपत्ता_ऑन_किंग
२०१४ च्या एका डिबेटमध्ये प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं होतं, चायनाला परत जा म्हणून. तेव्हा या बाई इथे येऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती!! त्या वेळी त्यांच्या इंग्लिशवरून पण बोलायचे लोक. आणि त्याच्या आदल्या वर्षी चेहऱ्याची एक बाजू रॅमसे हंट नावाच्या आजाराने लुळी पडली होती, ते लपवून ठेवायच्या ऐवजी सरळ पत्रकार परिषद घेऊन सांगितलं.

मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही हं. २०२४ च्या बजेटमध्ये प्रॉपर्टी टॅक्स ९.५ टक्के वाढवला, घरमालक चांगलेच भडकले होते. पण आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं टॅक्स दाबून ठेवला आणि रस्ते, बस, शेल्टर सगळ्याला भोक पडलं, कोणीतरी वाईट व्हायलाच हवं होतं.

पालिकाप्रेमी
महापौराचं मी सांगतो. मुंबईत नगरसेवक महापौर निवडतात आणि खरी सही आयुक्तांची, बरोबर. इथे लोक थेट निवडतात, आणि पालिकेच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्हच नसतं, त्यामुळे तिकीट वाटप हा प्रकारच नाही. पूर्वी महापौराचं कौन्सिलमध्ये एकच मत होतं, पंचवीस नगरसेवक आणि ते एक. २०२२ ला ओंटारियो सरकारने जास्तीचे अधिकार दिले, स्ट्राँग मेयर म्हणतात त्याला, बजेट मांडणं वगैरे. चाऊंनी प्रचारात सांगितलं होतं की बहुमत डावलायला ते अधिकार मी वापरणार नाही.

२०२३ ची निवडणूकही मध्येच लागली, तेव्हाचे महापौर टोरींनी ऑफिसातल्या प्रकरणावरून राजीनामा दिला म्हणून. १०२ उमेदवार! एकजण तर आपल्या कुत्रीला पुढे करून प्रचार करत होता. चाऊंना ३७ टक्के, दुसऱ्या अ‍ॅना बायलाव, त्या पण स्थलांतरितच, पोर्तुगालहून आलेल्या. म्हणजे पहिल्या दोघी बाहेरून आलेल्या, हे कोणी फारसं बोललंच नाही. आणि निवडून आल्यावर काही महिन्यांतच प्रीमियर, म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री, डग फोर्डशी (हो तोच, २०१४ चा) बसून गार्डिनर आणि डॉन व्हॅली हे दोन हायवे प्रांताच्या गळ्यात घातले, खर्च वाचवायला. २०१४ ला एकमेकांवर तुटून पडलेले हे दोघं.

आजी_इटोबिकोकच्या
बाळा, चाऊंच्याही आधीच्या एका बाईंचं नाव लिहून ठेव, जीन ऑगस्टिन. ग्रेनाडात शिक्षिका होत्या, १९६० ला इथे आल्या त्या घरकामाला बायका आणायच्या स्कीममधून, कारण यायला तोच रस्ता. मग परत शिकून शिक्षिका, मुख्याध्यापिका, आणि १९९३ ला आमच्या इटोबिको-लेकशोरमधून खासदार, संसदेतली पहिली कृष्णवर्णीय बाई. फेब्रुवारीत शाळांमध्ये ब्लॅक हिस्टरी मंथ असतो ना, तो देशभर करायचा ठराव १९९५ ला त्यांचाच. चाऊंची आई पण शिक्षिकाच होती की, पण तिला परत वर्गात जायला मिळालं नाही. लेकीने निवडणुकीची सुरुवात स्कूल बोर्डापासून केली याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

मेपलनवखी
सगळ्यांना धन्यवाद, ऑफिसातल्या त्या माणसाला लिंक पाठवतेय. आता एकच, आम्ही पीआर (कायमचे रहिवासी, नागरिक नाही) आहोत तर आम्हाला मत देता येईल का पालिकेला?

पालिकाप्रेमी
नाही, पालिकेलासुद्धा नागरिकत्व लागतं. टॅक्स भरा, मत नाही. पुढची २०२६ च्या ऑक्टोबरात आहे. तोवर कौन्सिलच्या समितीत जाऊन बोलता येतं, नाव नोंदवलं की साधारण पाच मिनिटं देतात आणि तिथे पासपोर्ट कोणी बघत नाही.