खिन्नता, नैराश्य की धसका?

खानापूरकर: हायस्कूलच्या पालकसभेसाठी एका कन्नड पत्रकाचं मराठी करतोय. लहानपणी मनाला बसलेला मार नि वयात येणाऱ्या पोरापोरींचं डिप्रेशन. कन्नडात ‘खिन्नते’ आहे. मी ‘खिन्नता’ लिहिलं, तर बाई म्हणाल्या, "ही चाचणीत दोन मार्क गेले तरी येते की!" काय लिहू?

जोडाक्षर: नैराश्य. रूढ आहे, विषय संपला.

वडगाववाली: कुठं संपला? आशा संपणं हे त्या आजाराचं एक लक्षण झालं. या वयात कधीकधी उदासी दिसतच नाही, नुसती चिडचिड असते. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांतही ती धरलीय. बाप गेल्यावर माझा भाचा ताट आपटायचा. घरात म्हणायचे, ‘माजलाय’. त्याच्या बहिणीनं अन्न टाकलं, तर ‘पोरीनं हाय खाल्ली’. दुखणं एकच! वयात आल्यावर मुलींत हे जवळपास दुप्पट आढळतं म्हणे. किती पोरगे ‘माजलेत’ म्हणून निसटले, कोण जाणे.

निपाणीची सून: सासूबाई ‘धसका’ म्हणतात. शेजारची पोर जिन्यात बापाच्या चपला वाजल्या की अर्धी भाकरी तशीच टाकून माळ्यावर. ट्रॉमाला याहून नेमका शब्द दाखवा.

शब्दवेडा: धसका मूळचा कन्नड असणार.

जोडाक्षर: काहीही! छातीत धस्स होतं, तो धसका.

शब्दवेडा: बरं. पण ट्रॉमा ग्रीक, अर्थ जखम. म्हणून ‘मनोव्रण’ करा.

वडगाववाली: पालक मलम मागतील. आणि धसका हे कारण झालं हो. त्यानं पुढं तीन-चार वर्षांनी पोराची उभारीच जाते, त्याला काय म्हणायचं?

जोडाक्षर: विषाद. अर्जुनाला झाला तोच.

निपाणीची सून: अर्जुनाचा सारथी कृष्ण होता. इथं पोराला धारवाडला डिम्हान्सात, मनाच्या आजारांच्या दवाखान्यात, न्यायचं तर बाप म्हणतो, लोक काय म्हणतील. खानापूरकर, शब्द कुठलाही घाला, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ ठळक छापा.

खानापूरकर: नंबर घातला. शब्दाची जागा अजून कोरीच. उद्या दुपारी छपाईला जातंय. वर ‘बेळगावी जिल्हा’, खाली नंबर, मधे…

जोडाक्षर: ‘बेळगावी’?

खानापूरकर: सरकारी पत्रक आहे. २०१४ पासून तसंच लिहावं लागतं.

वडगाववाली: मराठीत बेळगावच!

शब्दवेडा: मुळात ‘वेणुग्राम’…