शब्दचर्चा: पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनची करकर, कुरकुर आणि कुईकुई

निपाणीकर

भाजीपाला आणि रोपं वाहणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरांसाठी देखभालीचा एक पानी तक्ता मराठीत करायला घेतला आहे. 'पुढून येणारा आवाज' या रकान्यात गाडी अडली. आमच्या निपाणी-चिकोडी भागात ड्रायव्हर सरसकट 'पुढनं वाजायलंय' एवढंच सांगतात, आणि मेस्त्री त्यावरून अंदाजाने सुटे भाग बदलत सुटतात. करकर, कुरकुर, कुईकुई, किरकिर, खडखड, खटखट असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतला कोणता कशासाठी धरावा? आणि 'सस्पेन्शन'ला (चाकं आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधल्या, धक्के झेलणाऱ्या जोडणीला) 'निलंबन' लिहावं का?

खानापूरकर

'निलंबन' नको. पाठ्यपुस्तकात तो शब्द आहे, पण ड्रायव्हरच्या कानाला ते कामावरून कमी केल्यासारखंच लागतं. 'सस्पेन्शन' सगळ्यांना कळतं, तेच ठेवा. भागांची नावंही गॅरेजात चालतात तीच घ्या: पाटे (धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची थप्पी), शॅकल (पाट्यांचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा झुलता दुवा), यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, आवळणारा), बुश (जोडाच्या भोकातली नळीसारखी गादी), शॉकअप (शॉक अब्सॉर्बर), बॉल जॉइंट (गोळी आणि वाटीचा फिरता जोड), लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा), हौदा (माल भरायची मागची पेटी).

आवाजांचं म्हणाल तर तक्त्यात आधी दोन गट पाडा. करकर, कुरकुर, कुईकुई हे घासण्याचे आवाज. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात, क्षणभर अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. खडखड, खटखट, धाडधाड हे आपटण्याचे आवाज. तिथं मधे फट पडलेली असते. पहिल्या गटात वंगण संपलंय किंवा रबर खराब झालंय, दुसऱ्या गटात काहीतरी झिजलंय किंवा ढिलं आहे. ही फोड कळली नाही की खटखटणाऱ्या बॉल जॉइंटला ग्रीस मारलं जातं. आठ-पंधरा दिवस आवाज दबतो, झीज मात्र आतल्या आत चालूच राहते, आणि एक दिवस बॉल सॉकेटमधून निसटून चाक आडवं होतं. चोर्ला घाटाच्या वळणावर हे झालं तर काय, हे वेगळं सांगायला नको.

एकच भाग दोन्ही गटांत येऊ शकतो. बॉल जॉइंटचं रबरी बूट (बाहेरचं आवरण) फाटलं की पाणी शिरतं, आत गंज धरतो आणि कुईकुई सुरू होते. पुढं झीज झाली की तोच खटखटायला लागतो. म्हणून 'आधी कुईकुई होती, आता बंद झाली आणि खटखट यायलीय' असं ड्रायव्हरने सांगितलं तर ती सुधारणा समजू नये. ही ओळ तक्त्यात ठळक छापा.

उद्यमबागकर

खानापूरकरांची फोड बरोबर आहे. घासण्याच्या गटात अजून बारीक भेद करता येतो आणि आपल्या भाषेत तो आधीपासून आहे. नवी वहाण करकरते, जुना पलंग कुरकुरतो, विहिरीचा रहाट कुईकुई करतो. त्याच अंगाने:

कुईकुई म्हणजे बारीक, उंच पट्टीचा आवाज. धातूवर धातू, मधे ग्रीस नाही. शॅकल पिन आणि बॉल जॉइंट इथं आधी बघावं.

करकर म्हणजे भरड आणि तुटक. पाट्यांच्या मधे गंज आणि माती बसली, किंवा पाट्यांच्या टोकांचे पॅड झिजून लोखंड लोखंडाला लागलं की असा आवाज येतो. खड्ड्यात चाक गेलं की एक लांब करकर, वर येताना दुसरी.

कुरकुर म्हणजे जाड, सावकाश आवाज, आणि तो बहुतेक रबराचा. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) डी आकाराचे बुश, आर्मचे बुश, शॉकअपच्या डोळ्यातले बुश. थंडीत सकाळी जास्त, गाडी चालून गरम झाली की कमी.

हे नियम पक्के मानू नयेत. पिकअपच्या चासीतून आवाज लांबवर जातो. उजव्या शॅकलची कुईकुई केबिनमध्ये डावीकडून आल्यासारखी वाटते. शब्दावरून कुठून सुरुवात करायची ते कळतं, खात्री हाताने करावी लागते.

संकेश्वरकर

खात्री करायची रीत लिहा ना कोणीतरी. आणि 'किरकिर' राहिलीच की. शिवाय आमच्याकडचे कन्नड मेस्त्री 'सप्पळ' म्हणतात, तो शब्द तक्त्यात घ्यावा का?

उद्यमबागकर

'सप्पळ' म्हणजे नुसता आवाज, कुठलाही. कन्नडमध्ये 'शब्द' हाही आवाजाच्या अर्थाने रोज वापरला जातो. दोन्ही शब्दांवरून आवाज कसला ते कळत नाही, त्यामुळे ते तक्त्यात घेतले तरी निदानाला उपयोग नाही. पण मेस्त्री कन्नड असेल तर आवाज काढूनच दाखवावा. कुईकुई आणि खटखट यांतला फरक कुठल्याही भाषेच्या कानाला कळतो.

'किरकिर' मात्र सस्पेन्शनला लावू नका. ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकला की चाक फिरताना सतत येतो तो आवाज किरकिरीच्या जवळचा असतो. सस्पेन्शनचा आवाज चाकाच्या खाली-वर होण्याबरोबर येतो, चाकाच्या फिरण्याबरोबर येत नाही. ब्रेक दाबला की बदलणारा आवाज ब्रेकचा, वेग वाढेल तशी वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची. ग्रीसमध्ये वाळू गेली असेल तर आपला 'कचकच' हा शब्द चपखल बसतो, भातात खडे लागल्यावर म्हणतात तोच.

आता रीत. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकाने पुढच्या बंपरच्या एका कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन चार-पाच वेळा दाबून सोडावं, दुसऱ्याने चाकाच्या आतल्या बाजूला कान द्यावा. मग दुसरा कोपरा. आवाज आला की एकेका जोडावर तळहात ठेवून बघा. घासणारा जोड हाताला थरथरतो. कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत किंवा पाट्यांच्या मधे बोटं मात्र घालू नयेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक जोडावर आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावली तरी चांगलं ऐकू येतं.

सगळ्यात भरवशाची चाचणी साध्या पाण्याची. स्प्रेच्या बाटलीने एका वेळी एकाच जोडावर पाणी मारायचं आणि पुन्हा गाडी दाबायची. आवाज थोडा वेळ थांबला की जागा सापडली. पाण्याने रबराचं काही बिघडत नाही, आणि वाळल्यावर आवाज परत येतो म्हणजे खात्रीही होते. पहिल्याच फेरीत सगळीकडे ऑइल मारलं तर आवाज जातो, पण कुठून येत होता ते कधीच कळत नाही.

गाडी दाबून आवाज येत नसेल तर इंजिन चालू करून उभ्या गाडीत स्टीअरिंग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरवा. तेव्हाच वाजत असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं टोक), आणि जिथं सरळ अॅक्सल आहे तिथं किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती पिन). अगदी शेवटच्या टोकालाच कुईकुई होत असेल तर स्टॉपर कोरडा असतो. तिथं बोटभर ग्रीस पुरतं.

चिकोडीकर

पाट्यांना पावसाळ्याआधी जळकं ऑइल मारतात, ती पद्धत चुकीची का? आमच्याकडं सगळेच करतात, आणि आवाज जातो हे खरं आहे.

खानापूरकर

आवाज जातो, पण किती दिवस? जळक्या ऑइलवर धूळ चिकटते. तुमच्याकडची काळी माती असो की आमच्याकडची तांबडी, तिचा आणि ऑइलचा लगदा पाट्यांच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करतो. शिवाय ते ओघळून शॅकलच्या रबरी बुशवर येतं. खनिज तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. ब्रेक लायनरवर गेलं तर गाडी एका अंगाला ओढते. जुन्या गाड्यांत शॅकलला पितळी किंवा लोखंडी बुश आणि ग्रीस निप्पल (ग्रीस आत भरायचं तोंड) असायचे, तिथं रबराचा प्रश्न नव्हता. ही पद्धत त्या काळातून आली असावी.

पाट्यांची करकर घालवायची तर त्यांच्यावरचा भार काढावा लागतो. जॅक चासीला लावून गाडी उचला, चासीखाली दोन घोड्या (लोखंडी टेकू) द्या आणि अॅक्सल लोंबू द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. पाटे लोंबले की टोकांपाशी फट पडते. तारेच्या ब्रशने गंज आणि माती काढा, प्रेशरने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग पातळ पट्टीने टोकांच्या चार-पाच इंच भागात ग्रॅफाइट ग्रीस आत सारा. पॅराबोलिक पाटे (मधे जाड, टोकांकडे पातळ होत जाणारे) मधे आणि टोकांनाच टेकतात, त्यामुळे त्यांना पूर्ण लांबीभर ग्रीस भरण्यात अर्थ नाही. टोकांचे पॅड झिजले असतील तर तेच बदला. त्यांच्या जागी ग्रीस टिकत नाही.

हे करतानाच सेंटर बोल्ट (पाट्यांची थप्पी मधोमध धरणारा) आणि यू-बोल्ट बघून घ्या. यू-बोल्ट ढिले असतील तर पाटे अॅक्सलवर सरकतात आणि सेंटर बोल्टवर ताण येऊन तो तुटतो. यू-बोल्ट काढले तर नवेच घालावेत, कारण एकदा ताणलेले परत तसे पकडत नाहीत. चारी नट आलटून पालटून, कोपऱ्याकोपऱ्याने आवळा. किती जोर लावायचा ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं. नव्या यू-बोल्टवर माल भरून ५०० ते १००० किमी चालल्यावर नट पुन्हा तपासायचे. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि मग 'नवीन काम करूनसुद्धा वाजायलंय' ही तक्रार येते.

बेळगावकर

ग्रीस मारण्याबद्दल एक भर. शॅकल पिनवर गाडीचा भार असताना ग्रीस गन लावली तर ग्रीस पिनच्या ढिल्या अंगाने बाहेर पडतं, दाबलेल्या अंगाला पोचतच नाही, आणि घासण्याची जागा नेमकी तीच असते. म्हणून ग्रीस मारतानाही चासी उचलून पिनवरचा भार कमी करावा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत पंप करावा. लिथियमचं एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा) चालतं. पिनसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं जास्त टिकतं.

बॉल जॉइंटला निप्पल असेल तर मात्र हात आखडता घ्यावा. दोन-तीन स्ट्रोक, बूट थोडं फुगलं की थांबायचं, नाहीतर तेच फाटतं. निप्पलमधून ग्रीस आत न जाता बाजूनेच येत असेल तर निप्पल काढून डिझेलमध्ये धुवा, आतली बारीक गोळी खिळ्याच्या टोकाने दाबून हलते का बघा. नवा निप्पल काही रुपयांत मिळतो, तो अडला म्हणून पिन वाया घालवू नये.

आपटण्याच्या गटाची चाचणी राहिली. चाक हवेत घेऊन वर-खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग. तरीही राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. फक्त ३ आणि ९ च्या जागी हलत असेल तर टाय रॉड एंड. या हालचालीला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. तक्त्यात 'प्ले' लिहून पुढं 'ढिल' घातलं तर दोन्हीकडचे वाचतील.

निपाणीकर

रबरी बुशचं अजून स्पष्ट होत नाही. 'बुश कुरकुरतोय' तर त्याला काय मारायचं? ग्रीस नाही, ऑइल नाही, मग?

उद्यमबागकर

बुश कुठला आहे त्यावर ठरतं. स्टॅबिलायझर बारच्या डी बुशमध्ये बार काही प्रमाणात सरकतो. क्लॅम्प सोडून बार आणि बुश पुसून घ्यावेत, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. भोक अंडाकार झालं असेल तर दोन्ही बाजूंचे बुश जोडीने बदलावेत. पॉलियुरेथेनचे घातले असतील तर सिलिकॉन ग्रीसशिवाय ते कुरकुरणारच.

लोअर आर्मचा बुश वेगळा. त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. तिथं काहीच सरकत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर फक्त पिळतं आणि सुटतं. म्हणजे तो कुरकुरला याचा अर्थ चिकटवण सुटलं किंवा रबर फाटलं. त्याला स्प्रे मारणं हे औषध नाही, तो बदलावाच लागतो.

'पीळ' हा शब्द तक्त्यात जरूर घ्या, कारण नवा बुश सहा महिन्यांत जाण्याचं मोठं कारण त्यात आहे. चाक हवेत लोंबत असताना आर्मचा बोल्ट पक्का आवळला की रबर त्या लोंबत्या स्थितीत धरलं जातं. गाडी खाली उतरली की रबराला कायमचा पीळ बसतो, गाडी उभी असतानासुद्धा. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. बोल्ट आधी हाताने बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडायची आणि मगच आवळायचा. खाली शिरायला जागा नसेल तर पुढची चाकं रॅम्पवर चढवून आवळावं. पाट्यांच्या शॅकलला आणि शॉकअपलाही रबरी बुश असतील तर हाच नियम.

आर्म किंवा बॉल जॉइंट खोलला असेल तर नंतर अलाइनमेंट करून घ्यावी. कॅसल नटची (खाचा असलेल्या नटची) स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालतात ती, नवीच घालावी.

खानापूरकर

तक्त्याच्या तळाशी एक ओळ जागा ठेवा. सगळं तपासूनही करकर राहिली तर केबिनच्या माउंटिंगचे रबर, सायलेन्सरचे हँगर आणि हौद्याचे बोल्ट बघावेत. हौदा रिकामा असताना वाजतो आणि माल भरल्यावर गप्प होतो. कोरडी शॅकल पिन माल भरल्यावरही वाजतच राहते. त्यामुळे 'आवाज' या रकान्याशेजारी 'माल भरलेला की रिकामी' असा एक छोटा रकाना करा. ड्रायव्हरला तो भरायला वेळ लागत नाही आणि मेस्त्रीची अर्धी शोधाशोध वाचते.