मदत हवी: सरकारी कामातल्या एआयला 'स्पष्टीकरण' म्हणजे नक्की काय द्यायचं? (तातडीचं)

घाईत_मी: अर्जदार पात्र की अपात्र हे सांगणारं मॉडेल एका सरकारी खात्याला देतोय. त्यांच्या वकिलाने फाइल परत पाठवली, शेरा एकच: 'स्पष्टीकरण अपुरं'. प्रत्येक अर्जाला शॅपचा आलेख (कुठल्या माहितीने स्कोअर किती वर-खाली ओढला ते दाखवणारा) जोडलाय, अजून काय हवं? शुक्रवारी द्यायचंय. 'वकील गाठा' कृपया नको.

खडूस: देश कुठला?

फांदीबहाद्दर: कुठलाही असो, डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवरून ठरवणारं, सरळ वाचता येणारं मॉडेल) वापरा. प्रश्नच मिटतो.

मोरपंखी: माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ वाचा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यावीच लागतात.

घाईत_मी: नेदरलंड्स हो! भारताचा काय संबंध?

खडूस: आम्हाला स्वप्न पडणार होतं का? बरं, कशासाठीचा अर्ज? आणि पत्र थेट जातं की मध्ये माणूस आहे?

घाईत_मी: आर्थिक मदतीचा. अधिकारी मॉडेलचा स्कोअर बघून ओके करतो.

खडूस: तिथेच गोम आहे. अधिकारी स्कोअरवरच मदार ठेवत असेल तर स्कोअर हाच निर्णय, असं युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शुफा (जर्मनीतली पतमानांकन कंपनी) खटल्यात म्हटलंय. त्याच न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२५ च्या निकालात तर नुसतं सूत्र हातात देणं पुरेसं नाही, कुठली माहिती कशी वापरली ते समजेल असं सांगा, असं आहे. शिवाय युरोपीय संघाच्या एआय कायद्याचं कलम ८६. त्यात स्पष्टीकरण द्यायचंय खात्याने, पण तुम्ही कच्चा माल दिला नाहीत तर ते देणार कुठून? त्यात २०२० ला नेदरलंड्समधल्याच हेगच्या कोर्टाने 'सिरी' (SyRI, सरकारी मदतीतली फसवणूक हुडकणारी) यंत्रणेमागचा कायदाच अपारदर्शक म्हणून उडवला. तिकडचे वकील ताक फुंकून पिणारच.

फांदीबहाद्दर: म्हणूनच म्हणतोय, ट्री!

खडूस: ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट (Robodebt, सरकारी मदत जास्त घेतली म्हणून लोकांकडून वसुली करणारी यंत्रणा) उत्पन्नाच्या साध्या सरासरीवर चालायचं. तरी बेकायदाच ठरलं.

हौशी_गडी: चॅटबॉटकडून स्पष्टीकरण लिहून घ्या की. मस्त लिहितो.

मोरपंखी: तो मॉडेलचं कारण कशाला सांगेल? पटेल असं काहीतरी रचून देईल. (अवांतर: कलम ४ अजून कोणी वाचलेलं दिसत नाही.)

घाईत_मी: नमुना द्या ना कोणीतरी.

खडूस: 'उत्पन्न: -०.३१' हे अर्जदाराच्या काय कामाचं? त्याऐवजी: 'नोंदीप्रमाणे तुमचं मासिक उत्पन्न अमुक, मर्यादा तमुक. अर्ज नाकारण्यात याचा वाटा सर्वांत मोठा. नोंद चुकली असेल तर पगारपत्रक जोडून हरकत घ्या.' शेवटी स्कोअर कुठे वापरला आणि अंतिम सही कुणाची, हेही. शॅपवरून मॉडेल कुठे झुकलं ते कळतं, नियम कुठला लागला ते नाही.

घाईत_मी: हे जमेल. पण फीचर्समध्ये (मॉडेलला दिलेल्या माहितीत) पिनकोडही आहे, त्याचाही वाटा मोठा येतो. तोही लिहायचा?

खडूस: पिनकोड?? मदतीच्या नियमात पत्त्याचा कुठे उल्लेख आहे का, ते आधी सांगा.

फांदीबहाद्दर: ट्रीमध्ये हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.