मदत हवी आहे: पांढरे ठिपके गेले, पण एंजल मासे अजून अंग घासतायत आणि एकाच कल्ल्याने श्वास घेतायत

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण सगळं एकदाच सांगते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

टाकी १८० लिटरची, दोन वर्षं जुनी. ४ एंजल, ६ कोरिडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे), थोडी झाडं, एक मोठं लाकूड. पाच आठवड्यांपूर्वी त्यात आणखी २ एंजल आणून सोडले. वेगळ्या टाकीत न ठेवता थेट सोडले, ही माझी चूक. नवव्या दिवशी एका नव्या माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या परांवर पसरले. इक (परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. तापमान दोन दिवसांत हळूहळू २६ वरून ३० अंशांवर नेलं, हवेचा दगड वाढवला, मेलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनचं औषध कोरिडोरासमुळे निम्म्या मात्रेत दिलं, दिवसाआड तळ सायफन करून ३० टक्के पाणी बदललं. सहाव्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले तरी १४ दिवस उपचार थांबवले नाहीत, कारण माशाच्या कातडीखाली असताना त्या जंतूला औषध लागत नाही. तो मासा सोडून तळाशी जातो, तिथे त्याची गाठ होऊन शेकडो पिल्लं सुटतात, आणि ती पोहत नवा मासा शोधत असतात तेवढ्यात काय तो औषधाचा उपयोग होतो.

आता उपचार संपून १२ दिवस झाले. ठिपका एकही नाही. पण एंजल लाकडाजवळ येतात, क्षणभर थांबतात आणि एकदम आडवे होऊन कल्ल्याची बाजू लाकडावर फरकन घासतात. दोन नव्यांपैकी एक परवा गेला. दुसऱ्याचं डाव्या कल्ल्याचं झाकण चिकटवल्यासारखं बंद असतं, उजवं एकटंच चालतं. मिनिटाला ११० वेळा मोजलं. जुन्या चौघांचं ७०-७५ आहे. खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो. विष्ठा एकदा पांढरी दिसली, नंतर नाही.

पाणी आजच तपासलं: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, पीएच ७.२. तापमान परत २७ वर आणलंय.

मला विचारायचंय ते एवढंच: हा कल्ल्यांत लपलेला इक आहे, कल्ल्यातले कृमी आहेत, की औषधानेच कल्ले भाजलेत? कोणी मेट्रोनिडाझोल सांगतंय, कोणी मीठ, कोणी परत तेच औषध. या माशांनी आधीच खूप सोसलंय. काय झालंय हे कळल्याशिवाय आणखी एक थेंबही टाकायची माझी तयारी नाही. खात्री करायचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
थांबलात हे उत्तम केलंत. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि नुसतं घासण्यावरून त्यांतला फरक कुणालाच सांगता येणार नाही. अमोनिया शून्य आहे म्हणून पाण्याचा संशय बाजूला ठेवू. औषधाचा अंश उरला असेल तर तो निघावा म्हणून फिल्टरमध्ये ताजा कार्बन घाला, ४० टक्के पाणी बदला. फॉर्मलिनने कल्ले चिडतातच, पण तसं असतं तर सहाही माशांना सारखाच त्रास व्हायला हवा होता. एकच झाकण बंद आणि त्रासाची सुरुवात नव्या माशांपासून, हे चित्र कृमींकडे बोट दाखवतं. पांढरी विष्ठा एकदाच दिसली तर पोट रिकामं होतं एवढाच अर्थ घ्या. मेट्रोनिडाझोल आतड्यातल्या हेक्झामिटा या परजीवीसाठी ठीक, कल्ल्यांसाठी त्याचा इथे उपयोग नाही.

प्रतिसाद २
मी वरच्यांशी सहमत, पण अंदाजावर जाऊ नका. कुठूनतरी साधा सूक्ष्मदर्शक मिळवा, ४० ते १०० पट पुरतो. जिवंत माशाचा कल्ला कापायच्या भानगडीत घरी पडू नका. अंगावरचा बुळबुळीत थर घ्या: हात ओले करून मासा ओल्या जाळीतच धरा आणि काचेच्या कव्हरस्लिपची कड छातीच्या परामागून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनेच, हलकेच ओढा. स्लाइडवर थेंब टाकीतल्याच पाण्याचा, नळाचा नाही, क्लोरीनने जंतू मरतील. दुर्दैवाने एखादा मासा गेलाच तर मात्र लगेच कल्ल्याचा तुकडा बघा. मेल्यावर काही तासांत परजीवी निघून जातात किंवा मरतात, आणि फ्रीजरमधल्या माशावरून काही कळत नाही.

काय दिसेल ते सांगतो. इक म्हणजे काळपट गोल गोळा, संथ लोळणारा, मोठा असेल तर आत घोड्याच्या नालासारखं केंद्रक. ट्रायकोडिना हा आणखी एक परजीवी, म्हणजे गरगर फिरणारी बशी, मधे दातेरी कडं. कृमी लांबट असतो, आखडतो, ताणतो, मागच्या टोकाच्या आकड्यांनी धरून राहतो. पुढच्या टोकाला ४ काळे ठिपके दिसले तर डॅक्टिलोगायरस. ठिपके नाहीत आणि पोटात पिल्लाचे आकडे दिसतायत तर गायरोडॅक्टिलस. हा फरक जरूर बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. गायरोडॅक्टिलस पिल्लं देतो, अंडी नाहीत, त्यामुळे प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाच्या एका मात्रेत बहुतेक काम होतं. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर त्या औषधाचा परिणाम होत नाही.

धागाकर्ती
तो दुसरा एंजलही आज पहाटे गेला. वाईट वाटलं, पण तुमचं वाक्य लक्षात होतं. एका मैत्रिणीकडे कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे, अर्ध्या तासात तिच्याकडे पोचले. डाव्या कल्ल्याचा फिकट, चिकट झालेला तुकडा स्लाइडवर ठेवला. आधी नुसती कल्ल्याची लाल कंगव्यासारखी टोकं दिसली. मग एका टोकावरून काहीतरी लांब झालं, इकडेतिकडे चाचपडलं आणि आखडून परत बसलं. पुढे ४ काळे ठिपके, अगदी स्पष्ट. एका दृश्यात मी ७ मोजले. उजव्या कल्ल्यात दोनच. गोळे एकही नाही. म्हणजे इक खरंच गेला होता, आणि हे त्याच माशांबरोबर आलेलं दुसरं दुखणं होतं. प्राझिक्वांटेलची मात्रा सांगाल का? कोरिडोरासना चालेल?

प्रतिसाद २
छान काम केलंत. मात्रा लिटरला २.५ मिलिग्रॅम. टाकी १८० ची असली तरी वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा करून खरं पाणी १५० लिटर धरा, म्हणजे ३७५ मिलिग्रॅम. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, तरंगत राहते. थोड्या पाण्यात बाटलीत भरून जोरात हलवा, आणि फिल्टरच्या प्रवाहासमोर हळूहळू ओता. कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा असेल तर बंद. हवा वाढवा, पाणी एखाद दिवस दुधाळ होऊ शकतं आणि तेव्हा ऑक्सिजन कमी पडतो. कोरिडोरास आणि झाडांना हे औषध सोसतं.

सातव्या दिवशी ५० टक्के पाणी बदलून पूर्ण मात्रा परत, १४ व्या दिवशी तिसरी. २७ अंशांना अंडी चार-पाच दिवसांत फुटतात. बाहेर पडलेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं. पहिल्या मात्रेनंतर मासे बरे दिसतील आणि थांबावंसं वाटेल. थांबू नका.

धागाकर्ती
दुसरी मात्रा देऊन आज तिसरा दिवस. पहिल्या मात्रेनंतर दोन दिवस घासणं उलट वाढलं होतं, घाबरले होते. आता काल संध्याकाळी लाइट लागल्यापासून तासभर समोर बसले, चौघांत मिळून एकदाच घासलं. श्वास ७०च्या आत आला. सगळ्यात मोठी मादी परत हाताशी येऊन खाणं मागते.

एक शंका उरली. दुसऱ्या खोलीतल्या गप्पींच्या टाकीत मी हीच जाळी वापरली होती, ओलीच. ते घासत नाहीत. त्यांनाही औषध द्यावं का?

प्रतिसाद १
आत्ता नको. या कृमींच्या जाती बऱ्याचदा ठरावीक माशांनाच धरतात, आणि गप्पींवर जास्त करून गायरोडॅक्टिलस आढळतो. मैत्रिणीचा सूक्ष्मदर्शक आहे तर एका गप्पीचा अंगावरचा थर बघून घ्या. काही दिसलं तर द्या. जाळी आणि सायफनची नळी मात्र दोन्ही टाक्यांना वेगवेगळी ठेवा, आणि ही जाळी दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा.