'द डिसायपल' की 'हंस अकेला': गाण्याबद्दल जास्त खरं कोण बोलतं?

रामबागकर, इंदूर:
गेल्या आठवड्यात लागोपाठ दोन रात्री चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' आणि जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा माहितीपट 'हंस अकेला' पाहिला. मला 'द डिसायपल' जास्त खरा वाटला. माहितीपट निघतात ते पोचलेल्यांवर. 'द डिसायपल'चा नायक शरद नेरुळकर वर्षानुवर्षं रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, आणि तरी गळ्यात ते उतरत नाही. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून जाताना तो गुरुजींच्या गुरू माई यांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकतो, ते प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाहीत. २०२० साली व्हेनिसला याच्या पटकथेला पारितोषिक मिळालं. माझी मावशी इथे एकोणीस वर्षं गाणं शिकली. आता तंबोरा गवसणीत आहे. तिची गोष्ट मला पहिल्यांदाच पडद्यावर दिसली.

तंबोरा_छत्रीबाग:
दादा, मावशींबद्दल मनापासून आदर, पण मत पटलं नाही. मी स्वतः शिकते. एखादी अवघड जागा पहिल्यांदा नीट निघाली की त्या दिवशी घरी येताना रस्ता कळत नाही. तो आनंद या सिनेमात कुठे आहे? सगळा त्याग, उपास आणि एकटेपणा.

आणि शरद अडकला कुठे ते बघा. तो माईंच्या आवाजातून बाहेरच पडत नाही. कुमारजीसुद्धा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गायचे, सुरुवात तीच. पुढे देवधर मास्तरांकडे शिकले, १९४८ला क्षयाने आजारी होऊन देवासला आले, गाणं बंद झालं, आणि त्या अंथरुणावर त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली. शरद असं कोणाचं ऐकतो? म्हणून 'हंस अकेला' मला शिकणाऱ्याच्या जास्त कामाचा वाटतो.

जुना_श्रोता:
माझा राग वेगळाच आहे. 'द डिसायपल'मधला तो जुन्या गाण्यांचा संग्राहक माईंबद्दल नाही नाही ते सांगतो आणि शरद ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. गेलेल्या बाईंवर असे शिंतोडे कशाला? माईंना सुमित्रा भावेंचा आवाज आहे, इतका शांत. तो ऐकल्यावर हा प्रसंग सहन होत नाही.

रामबागकर:
काका, माझ्या मते तो प्रसंग हवाच. आपण गुरूला देव करतो, मग कोणी काही बोललं की शरदसारखंच होतं.

ताई, तुमच्या तबकड्यांच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. बरोबर आहे. पण कुमारजी आजारी असताना भानुमतीताईंनी शाळेत नोकरी करून घर सांभाळलं. शरदच्या मागे असं कोण होतं? मावशीच्या मागे तर कोणीच नव्हतं. सकाळी डबे, संध्याकाळी सासूबाईंची औषधं, रियाज करायचा कधी? तिने कान दिला नाही असं मी कसं म्हणू?

तंबोरा_छत्रीबाग:
हे मान्य. मावशींना मी कमी लेखलं नव्हतं, तसं वाटलं असेल तर माफ करा.
पण शेवटचा प्रसंग पुन्हा पाहा. लोकलमध्ये एकतारीवाला गात येतो आणि शरद गप्प बसलेला. तुम्ही ती हार समजलात ना? कुमारजींच्या कानावर देवासला नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं पडायची, तिथून त्यांचं पुढचं गाणं निघालं. मला तर वाटलं, शरद आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

रामबागकर:
काल मावशीला सिनेमा दाखवला. मधे दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली. एकतारीवाला आला तेव्हा मात्र मांडीवर ठेका धरला होता तिने. त्या प्रसंगापुरतं तुमचं म्हणणं मानतो, ताई. बाकीचं नाही.