किंग्जच्या उन्हाळ्याला दहापैकी सात गुण? कशाचे?

सरळ पास

परवा ‘बीमवाला’ यांनी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जच्या २०२५च्या उन्हाळ्यातल्या घडामोडींना दहापैकी सात गुण दिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फॉक्स गेल्यापासून खेळ चालवणारा गार्ड नव्हता, श्रोडर आल्याने ती जागा भरली. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्लिफर्ड आणि रेनो मिळाले. जीएम (संघाचे व्यवस्थापक) म्हणून स्कॉट पेरी आले. तेव्हा यंदा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, नक्की. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

श्रोडर वाईट खेळाडू नाही. जर्मनीला २०२३चा विश्वचषक त्याने जिंकून दिला, २०२५च्या सप्टेंबरमध्ये युरोबास्केटही, आणि दोन्हीकडे सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण जर्मनीच्या संघात चेंडू त्याच्याच हातात असतो. इथे डिरोझनला चेंडू हवा, लव्हीनला हवा, मंकला हवा, आणि सगळी चाल आपला सेंटर साबोनिस याच्या हातून फिरते. ३२ वर्षांच्या माणसाला तीन वर्षांचे ४५ मिलियन डॉलर देऊन आपण चेंडू मागणारे आणखी दोन हात आणले. समोरच्याला अडवणार कोण? एकटा किऑन एलिस. त्याला वर्षाला अडीच मिलियनसुद्धा मिळत नाहीत आणि मिनिटं देतानाही हात आखडता.

खरी चीड वेगळी आहे. डिरोझन आणि लव्हीन शिकागोत तीन मोसम एकत्र होते. विजय-पराभव असे: ४६-३६, ४०-४२, ३९-४३. प्लेऑफची एकच फेरी, तीही मिलवॉकीने ४-१ अशी संपवली. ही जोडी जमत नाही हे सगळ्या लीगने पाहिलं होतं. आपण एकाला २०२४च्या उन्हाळ्यात आणलं, दुसऱ्याला फॉक्सच्या बदल्यात, आणि पुन्हा शेजारी शेजारी उभं केलं. निकाल ४०-४२, आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या पात्रता सामन्यात, आपल्याच अंगणात डॅलसकडून हार. २०२५-२६च्या मोसमात या दोघांचेच पगार मिळून ७० मिलियनच्या वर जातात. या उन्हाळ्यात दुसरं काहीही केलं नसतं आणि या दोघांपैकी एकाला वाटेला लावलं असतं, तर सात गुण मीच दिले असते.

माझे गुण तीन. त्यातले दोन ड्राफ्टचे.

बीमवाला

माझ्या नावाने धागा काढलात, तर उत्तर द्यायलाच हवं.

शिकागोचे आकडे देताना सोयीचं तेवढंच दिलंत. पहिल्या वर्षी लोन्झो बॉलचा गुडघा जाईपर्यंत शिकागो बुल्स पूर्वेकडच्या गटात सगळ्यात वर होते. तिसऱ्या वर्षी लव्हीन फक्त २५ सामने खेळला. म्हणजे जोडी जमत नाही हे सिद्ध कधी झालं? लव्हीनने २०२४-२५च्या मोसमात थ्रीचे, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांचे, ४४ टक्के मारलेत. असा नेमबाज फुकट वाटायचा असतो का?

आणि वाटायचा तर घेणार कोण? दोन वर्षांत ९६ मिलियनचा करार उचलायला समोरचा संघ वर आपल्याकडूनच पिक्स (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) मागेल. ‘वाटेला लावा’ म्हणणं सोपं आहे.

मी सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो. माझा मुलगा २००७ साली जन्मला. किंग्ज प्लेऑफला शेवटचे गेले होते २००६ साली. तो सोळाचा होईपर्यंत त्याने आपल्या गावच्या संघाचा एक प्लेऑफ सामना पाहिला नव्हता. शाळेत वॉरियर्सचे शर्ट घालणारी पोरं त्याला रोज बोलायची. १५ एप्रिल २०२३ला मी त्याला प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला नेलं, त्याच वॉरियर्सविरुद्ध. १२६-१२३ने जिंकलो. बाहेर आलो तेव्हा आकाशात किंग्ज जिंकले की सोडतात तो जांभळा झोत होता आणि अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. माझा मुलगा रडला, मीही रडलो. म्हणून मला ४० विजयांचा संघही नको वाटत नाही. सोळा वर्षांचा दुष्काळ ज्याने काढलाय त्याला पुन्हा ‘सगळं मोडा आणि नव्याने बांधा’ सांगू नका. सॅक्रामेंटोला मोठा खेळाडू आपणहून येत नाही. जो मिळतो त्याला घेऊन लढायचं.

कोपऱ्यातला थ्री

मुलाची गोष्ट भिडली. पण तो २०२३चा संघ कसा झाला होता? फॉक्स-साबोनिसभोवती पळणारे, नेम धरणारे आणि वयाने लहान गडी. त्या मोसमाचा सर्वोत्तम कोच माइक ब्राउन, एकमताने. पुढे त्याचं काय केलं? डिसेंबर २०२४मध्ये १३-१८ असताना काढून टाकलं. २०१४मध्ये कोच मायकेल मलोनला असंच काढलं होतं. तेव्हा ११-१३ होते आणि मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने अंथरुणाला खिळला होता. त्या मलोनने पुढे डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. ब्राउनला आता न्यूयॉर्कने घेतलं. रोग श्रोडरमध्ये नाही. तो मालकाच्या खोलीत आहे.

वरळीकर

मालकाचं नाव निघालं म्हणून लिहितो. विवेक रणदिवे नसते तर आज हा धागाच नसता. २०१३मध्ये संघ सिअॅटलला जायचा जवळजवळ ठरला होता. मुंबईत वाढलेल्या माणसाने गट जमवून तो सॅक्रामेंटोत ठेवला. रणदिवे हे आडनाव पेपरात वाचल्याबरोबर माझ्या वडिलांनी किंग्ज हा आमच्या घरचा संघ ठरवला. तोवर त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि एनबीएचे भारतातले पहिले सामने, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीच्या डोममध्ये झाले ते कोणामुळे? आपल्या माणसाला इतकं धारेवर धरायचं नसतं.

कोपऱ्यातला थ्री

‘आपला माणूस’ म्हणून २०१८मध्ये डॉन्चिचला सोडून बॅगलीला घेतलेलं माफ करायचं का? हॅलिबर्टनला २०२२मध्ये दिलेलं? तो २०२५मध्ये इंडियानाला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला.

बीमवाला

हॅलिबर्टनच्या बदल्यात साबोनिस आला, ज्याने सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांचे चेंडू) घेतले. आणि बॅगली घेतला तेव्हा जीएमच्या खुर्चीवर दिवात्स होते. प्रत्येक गोष्ट मालकाच्या माथी मारू नका.

पीटी सर

मी बहुधा नुसता वाचतो. पण वरळीच्या सामन्यांचा उल्लेख झाला आणि हात थांबला नाही.

४ ऑक्टोबरचा सामना शाळांच्या मुलांसाठी होता. तीनेक हजार मुलं आली होती. त्यांत माझी बावीस. आम्ही दोन तास आधी पोचलो. माझ्या मुलांनी लाकडी फ्लोअर तोवर पाहिलेलं नव्हतं, ती डांबरावर खेळायची. सराव सुरू झाला आणि बुटांचा तो चर्र आवाज आला तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प झाली. जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ने जिंकले. मुलांना कुणाचीच बाजू नव्हती, प्रत्येक बास्केटला ओरडत होती. साबोनिस तेव्हा पेसर्सकडे होता, तो आज किंग्जचा. आणि त्या दौऱ्यातला किंग्जचा एकही खेळाडू आज किंग्जकडे नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळच्या सरावासाठी एक्केचाळीस नावं आली. त्याआधी अकरा असायची. मार्चमध्ये कोविड आला. शाळा पुन्हा उघडली तेव्हा आमच्या कोर्टवर पिवळे पट्टे मारलेले होते, गाड्या लावायला. एका खांबाचा बोर्ड काढून टाकला होता, दुसऱ्याला प्रवेश सुरू असल्याचा फलक बांधला होता. मी तीन अर्ज दिले. उत्तर मिळालं की पालकांच्या गाड्यांची सोय महत्त्वाची आहे.

म्हणून वरळीकर, ‘आपला माणूस’ वगैरे मला सांगू नका. दोन दिवसांचे सामने झाले, सगळे परत गेले. मुंबईला बास्केटबॉल कळला आणि सहा महिन्यांत विसरलाही.

नागपाडा बॉय

सर, तुमच्याविषयी आदर ठेवून सांगतो, शेवटचं वाक्य मागे घ्या. मुंबईला बास्केटबॉल २०१९मध्ये कळला? अब्बास मुंतसीर कोण होते? भारताचे कप्तान, १९७०चे अर्जुन पुरस्कार विजेते, आमच्या नागपाड्याचे. मस्तान वायएमसीए आणि नेबरहूड हाउसच्या कोर्टांवर तीन तीन पिढ्या खेळल्यात. माझे मामू रात्री दुकान बंद करून अकरा वाजता दिव्याखाली खेळायचे. डांबर होतं, गुडघे फुटायचे, हळद लावून दुसऱ्या दिवशी परत. आम्हाला कुणी अमेरिकेतून येऊन खेळ शिकवला नाही.

सरळ पास

मंडळी, धागा किंग्जच्या उलाढालीबद्दल आहे.

पीटी सर

वाक्य मागे घेतो. ‘माझ्या शाळेला कळला’ असं वाचा. पण नागपाड्यात खेळ टिकला कारण मोहल्ल्याने जागा राखली. आमच्याकडे जागा राखणारं कोणी नाही. मुलं येतात ती दहावीच्या क्रीडागुणांचा अर्ज घेऊन. स्पर्धेला नाव घाला म्हणतात, सरावाला येत नाहीत. जी येतात त्यांना जागा नाही.

रोझव्हिलची आई

सर, सगळा दोष पालकांवर ढकलू नका. मी डोंबिवलीत वाढले. आमच्या शाळेत बोर्ड होते, कोर्ट होतं, पण मुलींना त्यावर कधी सोडलं नाही. मुलींनी लंगडी, फार तर खो-खो. ते ठरवणारे पीटीचे सरच होते. आज माझी मुलगी इथे अमेरिकेत शाळेच्या संघात पॉइंट गार्ड आहे, आणि मी बाकावर बसून नियम शिकते आहे.

पीटी सर

ताई, माझ्या बावीसमध्ये नऊ मुली होत्या. ज्या सरांनी तुम्हाला अडवलं त्यांच्या वतीने मी उत्तर देऊ शकत नाही.

रोझव्हिलची आई

नऊ होत्या हे वाचून बरं वाटलं. तरी माझा राग जात नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कप्तान होते, आणि महाराष्ट्रात दहा घरांत विचारलं तर नऊ घरांत तिचं नाव माहीत नसतं. लव्हीनला ४७ मिलियन की ४९, यावर इथे तासभर भांडण चाललंय.

वरळीकर

भांडण किंग्जवरच चाललं होतं, त्यासाठीच धागा आहे. आणि सर, शाळेने कोर्टवर गाड्या लावल्या यात रणदिव्यांची काय चूक? त्यांनी दार उघडून दिलं. आत आपण गाड्या लावल्या.

पीटी सर

चूक त्यांची आहे असं मी लिहिलेलंच नाही. तुम्ही आभार मानायला सांगत होता, त्याला उत्तर दिलं.

कोपऱ्यातला थ्री

सरांचीच गोष्ट किंग्जला लावून बघा. एक्केचाळीस मुलं आली होती, धीर धरून मैदान राखलं असतं तर चार वर्षांत संघ झाला असता. किंग्जने तेच केलं. २०२३चा ४८ विजयांचा संघ हातात होता. त्याला वाढू द्यायचं सोडून मोठ्या नावांना जागा करून दिली. डिरोझनसाठी बार्न्स दिला, वर २०३१च्या पिकच्या अदलाबदलीचा हक्क सॅन अँटोनियो स्पर्सला. मग त्याच स्पर्सला फॉक्स. आता वेस्टब्रुकचं नाव ऐकू येतंय.

बीमवाला

फॉक्सला राहायचंच नव्हतं! करार वाढवायला तो तयार नव्हता. त्याला फुकट जाऊ द्यायचं होतं का? आणि ज्या २०२३च्या संघाचं गुणगान चाललंय, त्यालाच पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सने प्ले-इनमध्ये घरी पाठवलं होतं. तो ‘वाढत’ होता हे कशावरून? तुम्ही कुठून लिहिता मला माहीत नाही, पण तिकिटाचे पैसे मी भरतो. दर जानेवारीत कुडकुडत मी जातो.

कोपऱ्यातला थ्री

तिकीट भरणाऱ्यालाच मत असतं का? मी ठाण्यात सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये कानात कॉमेंट्री लावून उभा असतो. २००२चा लेकर्सविरुद्धचा सहावा सामना मी केबलवाल्याच्या हातापाया पडून पाहिला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सला सत्तावीस फ्री थ्रो! तेव्हापासून या संघाबरोबर आहे. फॉल्समवाल्यांनी आमची निष्ठा मोजू नये.

बीमवाला

शब्द चुकला. २००२ पाहिलेल्या माणसाशी मी भांडणार नाही.

क्लिफर्डबद्दल मात्र तुमच्यापैकी कोणी अक्षर लिहिलं नाही. चोविसाव्या नंबरवर मिळालेला गडी, दोन्ही बाजूंनी खेळतो, रिबाउंड घेतो, अंगावर येऊन डिफेन्स करतो. सरळ पास विचारत होते अडवणार कोण. हा अडवेल.

सरळ पास

अखेर मूळ मुद्दा. क्लिफर्ड मलाही आवडतो, म्हणूनच तीनपैकी दोन गुण ड्राफ्टचे होते. पण तो २३ वर्षांचा आहे, कॉलेजात पाच वर्षं काढून आलाय, आणि त्याच्यासाठी फॉक्सच्या बदल्यात मिळालेलं स्पर्सचं २०२७चं पिक ओक्लाहोमाला दिलं. ते पिक पहिल्या सोळात पडलं तर द्यायचं नाही असा बंदोबस्त आहे, म्हणून सौदा पटतो. अट एक: त्याला आणि एलिसला रोज पंचवीस मिनिटं खेळवा. कोच डग क्रिस्टी स्वतः डिफेन्सवर मोठा झालेला खेळाडू, त्याला हे सांगावं लागू नये. पण बाकावर ७० मिलियन बसवायची हिंमत कोणत्या कोचला देतात इथे?

राखीव सेंटरचं कोणी बोललं नाही. व्हॅलान्च्युनस डेन्व्हरला गेला, बदल्यात सारिच. साबोनिसला दम खायला बसवलं की रिंगखाली ड्रू युबँक्स. डेन्व्हरचा सेंटर योकिच आठवड्याने समोर आला तर काय करणार?

लोन्झो बॉलच्या गुडघ्याचा मुद्दा धरून मी अर्धा गुण वाढवतो. साडेतीन.

बीमवाला

सेंटरचा मुद्दा कबूल, तो एक गुण कापतो. सहा. त्याखाली येणार नाही.

नागपाडा बॉय

पीटी सर, तुमची ती मुलं आता कुठे आहेत? आमच्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला कोर्ट रिकामं असतं. सातनंतर मोठे येतात. मुलींना वेगळा अर्धा भाग देतो, माझी बहीण घेते त्यांना.

पीटी सर

बावीसमधले सहा संपर्कात आहेत, त्यांत दोन मुली. एक परळला नोकरी करते, रविवारी सुट्टी असते. आत्ताच्या बॅचचे नऊ. सगळे मिळून पंधरा आणले तर चालतील का? चेंडू आमच्याकडे चार आहेत, एक गळतो.