रविवारची गोल्फ सहल: नऊ होल, एक भोंगा आणि चषक कोणाचा?

प्रेषक: संयोजक, गोल्फ गट
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, नमस्कार.

रविवारी काय झालं ते व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्यांना कळलंच आहे, पण तिथे नुसते ओल्या मोज्यांचे फोटो आहेत. म्हणून हा सविस्तर वृत्तांत.

सकाळी सातला ग्रीनकीपरने कोर्स फिरून पाहिला आणि निरोप दिला: खेळा, पण ट्रॉली नाही, बग्गी नाही. म्हणजे बॅग खांद्यावर. काहींनी तोंडं वाकडी केली, पण त्या चिकणमातीत चाकं फिरली की चर पडतात आणि हिवाळाभर बुजत नाहीत, तेव्हा क्लबचं काही चुकलं नाही. ब्रिस्टलची मंडळी सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून इकडे वेल्समध्ये वेळेत हजर होती. डिसेंबर २०१८ पर्यंत सेव्हर्नच्या पुलावर वेल्समध्ये शिरताना टोल पडायचा आणि परतताना फुकट. काका म्हणाले, आज उलटं असतं तरी मुकाट्याने भरला असता.

आपण सोळा जण होतो. लवकर आटपावं म्हणून अठरापैकी पहिल्या होलच्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) दोन गट सोडले, दोन दहाव्यावरून. पद्धत नेहमीची स्टेबलफर्ड, म्हणजे होलागणिक गुण आणि जास्त गुणांचा तो पहिला. फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) बॉल उचला, पुसा, सहा इंचांत ठेवा, अशी सवलत आधीच जाहीर केली होती. तरी दुसऱ्या होलपर्यंत सगळ्यांना अंदाज आला. ड्राइव्ह मारला की बॉल पडेल तिथेच बसत होता, एक फूटही पुढे घरंगळत नव्हता. ज्यांची निम्मी भिस्त घरंगळण्यावर असते (मी त्यातलाच) त्यांना पार चारचे (चार फटक्यांत पुरे व्हायचे) होल पार पाचचे वाटू लागले. सातव्याच्या ग्रीनवर तर कपात (बॉल घालायच्या खड्ड्यात) पाणी भरलेलं. पट (हलकासा शेवटचा फटका) आत गेला, आणि बॉल तरंगत पुन्हा काठाला आला. ग्रीनकीपर वायपर घेऊन पाणी ओढत होता आणि त्याच्या मागे ते पुन्हा जमत होतं.

मग गडगडलं. एक लांबलचक भोंगा झाला. तो वाजला की हातातला शॉटसुद्धा पुरा करायचा नसतो. नशिबाने तोवर चारही गटांचे नऊ-नऊ होल झाले होते. तासभर क्लबहाउसमध्ये बसलो, पावसाचं मन काही बदललं नाही, आणि क्लबने कोर्स बंद केला.

आता निकाल. नऊ होलचे गुण धरले तर काका १७ गुणांसह पहिले, पेनार्थचे बापू १६ गुणांसह दुसरे. सगळ्यांचे होल सारखेच झाले असल्याने यंदाचा फिरता चषक काकांना द्यावा असं मला वाटतं. हरकत असल्यास बुधवारपर्यंत कळवा.

आपला,
संयोजक

---

प्रेषक: नाना

संयोजक महाशय,

हरकत आहे.

होल नऊच झाले, पण सारखे कुठे झाले? काका एक ते नऊ खेळले, बापू दहा ते अठरा. कार्ड नीट बघा. या क्लबवर पुढच्या नऊंना (१ ते ९) विषम स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रमांक) आहेत, मागच्या नऊंना (१० ते १८) सम. इथे बऱ्याच क्लबांवर तसंच असतं. दोघांचाही हॅंडिकॅप (अठरा होलांत मिळणारे सवलतीचे स्ट्रोक, म्हणजे फटके) २७. म्हणजे प्रत्येक होलवर एक स्ट्रोक आणि इंडेक्स १ ते ९ असलेल्या होलवर आणखी एक. पुढच्या नऊंत असे होल पाच: १, ३, ५, ७, ९. मागच्या नऊंत चार: २, ४, ६, ८. काकांना चौदा स्ट्रोक मिळाले, बापूंना तेरा. अठरा होल झाले असते तर दोघांनाही सत्तावीसच. आता मधला फरक किती गुणांचा आहे ते तुम्हीच सांगा.

दुसरा मुद्दा. पाचव्या होलला, उजवीकडच्या रफमध्ये (लांब गवतात), काकांनी पाण्याची फुकट सवलत घेतली, म्हणजे दंडाविना बॉल हलवला. मी तिथे उभा होतो. बॉल चिखलात होता, पाणी दिसत नव्हतं. काकांनी स्टान्स घेतला, मग डावा पाय दाबला, मग उजवा, मग पुन्हा डावा, असं करत द्राक्षं तुडवल्यासारखं बुटांभोवती पाणी वर आणलं आणि म्हणाले, "हे बघ, आलं!" तात्पुरतं पाणी स्टान्स घेण्याआधी किंवा घेतल्यावर साचलेलं दिसायला हवं. जमीन नुसती ओली, मऊ किंवा चिखलाची असून भागत नाही, आणि पाय दाबला की क्षणभर वर येणारं पाणी धरत नाहीत. बॉल आपल्याच खड्ड्यात जमिनीच्या पातळीखाली रुतला असता तर गोष्ट वेगळी, रफमध्येही सवलत मिळते. तो रुतलेला नव्हता. नुसता मळलेला होता.

मी येरवड्याला पुण्याच्या कोर्सवर भर जुलैत खेळलेला माणूस आहे. पाणी आणि चिखल मला कळतो.

नाना

---

प्रेषक: काका

नाना, पाचव्याला मला एकच गुण मिळाला आहे. तो घ्या हवा तर. तुम्ही तेव्हा "घे रे, कोण बघतंय" म्हणालात, ते वृत्तांतात घालू का?

चषक माझ्या गाडीच्या डिकीत आहे.

काका

---

प्रेषक: न्यूपोर्टच्या वहिनी

सर्वांना,

एक गुण इकडे की तिकडे हे पुरुषमंडळींनी ठरवावं, पण पुढचे नऊ आणि मागचे नऊ यांत स्ट्रोकपेक्षा मोठा फरक होता आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. पुढचे नऊ टेकाडावर आहेत. मागचे नऊ नदीच्या काठच्या कुरणात. तुम्ही वर भिजत होता, आम्ही खाली पोहत होतो.

तेराव्याचा बंकर (वाळूचा खड्डा) काठोकाठ भरलेला. बंकरमध्ये राहून फुकट ड्रॉप घ्यायचा (बॉल उचलून दुसऱ्या जागी टाकायचा) तर कोरडी वाळू हवी, निदान कमी पाण्याची जागा तरी. तिथे वाळूच दिसत नव्हती. एक दंडाचा स्ट्रोक घेऊन मागे बाहेर यायचं, दुसरा मार्ग नाही. बापू आणि मी दोघांनीही तेच केलं. नानांना नियम इतके पाठ आहेत तर समितीने सकाळीच तो बंकर ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीतली जागा) म्हणून जाहीर करायला हवा होता, हेही त्यांनी सांगावं. मग तो दंड पडलाच नसता. समितीत नाना आहेत, म्हणून विचारते.

आणि कपड्यांचं. ज्यांनी "माझं जॅकेट वॉटरप्रूफ आहे" म्हणून मला छत्री उघडू दिली नाही, त्यांनी २०१० चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका) आठवावा. तो इथेच, आपल्या न्यूपोर्टला, सेल्टिक मॅनरला झाला. पहिल्याच दिवशी पावसाने खेळ सात तासांहून जास्त थांबला आणि अमेरिकेच्या संघाचे रेनसूट आतून भिजले. शेवटी त्यांच्या लोकांनी तिथल्याच दुकानातून प्रेक्षकांसाठी ठेवलेले रेनसूट विकत आणले. रायडर कप सोमवारी संपण्याची ती पहिलीच वेळ, आणि हरले ते एका गुणाने, साडेतेरा-साडेचौदा. एका गुणाचं दुःख आपल्यालाच आहे असं नाही.

पुढच्या वेळी रेन ग्लोव्ह आणा. साधा चामड्याचा ग्लोव्ह भिजला की ग्रिप सटकते, रेन ग्लोव्ह ओला झाला की जास्त घट्ट धरतो. छत्रीच्या आत काड्यांना टॉवेल अडकवला की तो शेवटपर्यंत कोरडा राहतो. आणि मोज्यांची दुसरी जोडी गाडीत नाही, बॅगेत ठेवा.

डिकीतला चहा आणि भडंग कोणी आणलं होतं ते माहीत नाही, पण चषक त्यांना द्या.

वहिनी

---

प्रेषक: बापू

वहिनी, भडंग आमच्या घरचं. तेव्हा चषकावर माझा दुहेरी हक्क झाला.

बाकी मी भांडत नाही. फक्त नोंद असावी म्हणून सांगतो, डॉ. फ्रॅंक स्टेबलफर्ड यांनी ही गुणांची पद्धत पहिल्यांदा करून पाहिली ती १८९८ मध्ये आमच्या पेनार्थला, ग्लॅमरगनशायर क्लबात. रुळली मात्र १९३२ पासून, त्यांनी इंग्लंडमध्ये वॉलसीला ती पुन्हा आणली तेव्हा. समुद्राच्या वाऱ्यात दोन-तीन होल बिघडले की लोक कार्ड फाडून घरी जायचे, त्यावर हा तोडगा होता. एका होलचं वाटोळं झालं तरी शून्यच मिळतं, बाकीचा डाव शाबूत. रविवारी ही पद्धत नसती तर तेराव्यानंतर आमच्या गटातला एकही माणूस उरला नसता.

एक सुचवतो. पुढची सहल वाळूच्या जमिनीवर नेऊया. समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर पाणी साचत नाही, खाली झिरपून जातं. पोर्थकॉल इथून जवळच. २०२३ ला तिथे सीनियर ओपन (पन्नाशीपुढच्या खेळाडूंची स्पर्धा) झाली, पाऊस-वारा इतका की जिंकणारा अ‍ॅलेक्स चेका चार दिवसांनंतर पारच्या पाच वर होता, आणि जिंकला तोही प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या जादा होलवर). पण स्पर्धा पार पडली!

बापू

---

प्रेषक: खजिनदार

बापू, रॉयल पोर्थकॉलची ग्रीन फी बघून मला कालच घाम फुटला. गणपतीची वर्गणी तिथे वळवायची असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव मांडा.

रविवारचं सांगतो. कोर्स बंद झाला म्हणून क्लबने प्रत्येकी नऊ होलचं व्हाउचर दिलं आहे, रोख परतावा नाही. सोळाही व्हाउचर माझ्याकडे आहेत, एप्रिलअखेर चालतील. बेकन रोलचे पैसे सर्वांकडून घेतले गेले, पण पाच जण शाकाहारी होते आणि त्यांनी नुसती कॉफी घेतली. त्यांनी मला खाजगीत लिहा, फरक परत करतो. ज्यांनी शाकाहारी असूनही बेकन रोल खाल्ला त्यांनी लिहू नये.

खजिनदार

---

प्रेषक: संयोजक, गोल्फ गट

मंडळी,

व्हाउचर नऊ होलचंच आहे हे वाचून माझं काम सोपं झालं. त्याच क्लबवर परत जाऊ, आणि ज्याचे जे नऊ राहिले ते तो खेळेल. काका आणि त्यांच्या बाजूचे दोन्ही गट दहा ते अठरा, बापू आणि वहिनींच्या बाजूचे एक ते नऊ. गुण रविवारच्या गुणांत मिळवायचे, हॅंडिकॅप रविवारचाच धरायचा. म्हणजे नानांचे सत्तावीस स्ट्रोक दोघांनाही पुरे होतात आणि नदीकाठ काकांच्याही वाट्याला येतो.

पाचव्या होलचा गुण नानांच्या आणि काकांच्या संमतीने वजा केला आहे, त्यामुळे सध्या दोघेही सोळावर. तेराव्याच्या बंकरबद्दल वहिनींचं म्हणणं रास्त आहे. त्या दिवशी सकाळी पावणेसातला नाना आणि मी बंकर फिरून बघू.

मार्चमध्ये ट्रॉलीबंदी उठली की तारीख कळवतो. तोवर चषक खजिनदारांकडे राहील. काका, शनिवारी मराठी शाळेला नातवाला सोडायला येता तेव्हा घेऊन या.

संयोजक

---

प्रेषक: काका

आणतो. पण त्यावर मागच्या वर्षीचं माझं नाव आधीच कोरलेलं आहे, ते कोणी पुसू नये.